गाडीतील प्रथमोपचार पेटी : दवाखाना दूर असतो तेव्हा

पावसाळा सरला की आमच्या परतवाड्यातून मेळघाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढते. कुणी चिखलदऱ्याला निघतो, कुणी कोलकासला मुक्कामाला, तर कुणी नोकरीधंद्यानिमित्त सेमाडोह, हरिसालवरून धारणीला. निघण्यापूर्वी टायरमधील हवा पाहिली जाते, डिझेल भरले जाते, शिदोरी बांधली जाते. प्रथमोपचार पेटीची मात्र कुणाला आठवण होत नाही. झालीच तर गाडीबरोबर मिळालेली डबी डिकीत कुठेतरी असेल, यावर समाधान मानले जाते. त्या डबीत बहुधा चार चिकटपट्ट्या, कापसाची गुंडाळी आणि मलमाची एक ट्यूब असते. गावात ती चालून जाते, कारण दवाखाना दहा मिनिटांवर असतो. जंगलातील कच्च्या रस्त्यावर, जिथे मोबाइलला रेंज नाही आणि डॉक्टर दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत, तिथे तिचा उपयोग होत नाही.

वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. ही पेटी रोगी बरा करण्यासाठी नसते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा जीव टिकवणे आणि इजा वाढू न देणे, एवढेच तिचे काम. म्हणून पेटीत कोणतीही वस्तू टाकताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हिच्यामुळे वाटेतले दोन-तीन तास निभावतील काय?

रक्तस्राव

अपघातात सर्वांत लवकर जीव घेणारी गोष्ट म्हणजे वाहणारे रक्त. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातील दीड-दोन लिटर गेले तर जिवावर बेतते. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर एवढे रक्त जायला काही मिनिटे पुरतात. म्हणून पेटीचा मोठा भाग याच कामासाठी राखावा : निर्जंतुक गॉजची मोठी पाकिटे दहा-बारा, दहा व पंधरा सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज प्रत्येकी दोन, त्रिकोणी पट्ट्या चार, रुंद चिकटपट्टी, रबरी हातमोज्यांचे चार जोड, बोथट टोकाची कात्री आणि सेफ्टी पिना.

उपचार सोपा आहे. जखमेवर गॉजची जाड घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबावे आणि घड्याळ लावून किमान दहा मिनिटे हात उचलू नये. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी लोक दर मिनिटाला घडी उचलतात आणि धरू लागलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवून आणखी जोर द्यावा.

माझ्याकडे एकदा काचेने हात कापलेला प्रवासी आला. जीपच्या चालकाने आपल्या उपरण्याची घडी त्या जखमेवर दाबून धरायला शेजाऱ्याला बसवले होते आणि ‘दवाखाना येईस्तोवर हात काढायचा नाही’ असे बजावले होते. रोगी शुद्धीवर होता, नाडी चांगली होती, मला फक्त टाके घालावे लागले. याउलट हळद, तंबाखू आणि कापूस कोंबून आणलेल्या जखमा साफ करण्यातच अर्धा तास जातो, आणि रक्त तर थांबलेलेच नसते. कापूस जखमेवर थेट कधीच लावू नये, त्याचे तंतू आत चिकटतात.

हातापायाचे रक्त जोराने दाबूनही थांबत नसेल आणि जीव जाण्याची भीती असेल, तरच शेवटचा उपाय म्हणून जखमेच्या वर चार-पाच बोटांवर, सांधा सोडून, त्रिकोणी पट्टीची रुंद घडी बांधावी. तिच्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावी. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि ती पट्टी दवाखान्यातच सोडू द्यावी.

मोडलेले हाड आणि बेशुद्ध माणूस

मोडलेले हाड वाटेत सरळ करायचे नसते, फक्त हलू द्यायचे नसते. दुमडलेले जाड वर्तमानपत्र, छत्री किंवा लाकडी पट्टी आधाराला लावून वरचा व खालचा सांधा येईल असे क्रेप बँडेजने बांधावे. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला उताणे ठेवू नये, उलटी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. त्याला कुशीवर वळवावे. त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

भाजणे

घाटात गाडी तापली की घाईने रेडिएटरचे झाकण उघडले जाते आणि उसळलेल्या वाफेने चेहरा-हात भाजतात. यावरचे औषध पाणी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे, नंतर स्वच्छ ओलसर कापड सैल झाकावे. टूथपेस्ट, शाई, तेल, तूप यांपैकी काहीही लावू नये. गाडीत माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी असावेच आणि त्याखेरीज दहा लिटरचा एक कॅन वेगळा असावा. जखम धुवायलाही तोच कामी येतो.

साप, विंचू, मधमाश्या

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. दंश झाला की ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळणे हे तिन्ही प्रकार घातक आहेत. काही वर्षांपूर्वी एका तरुण मजुराला माझ्याकडे आणले. घोट्याच्या वर सुतळी इतकी आवळली होती की पाऊल काळेनिळे पडले होते. साप बिनविषारी होता, त्रास दिला तो सुतळीने. दंशानंतर अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा आधार देऊन तो अवयव स्थिर ठेवावा, रोग्याला चालू न देता उचलून गाडीत घालावे आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. आधीच कुणी दोरी बांधली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोरच सोडावी.

सर्पविषावरील लस पेटीत ठेवता येईल का, असे अनेक जण विचारतात. ठेवू नये. ती शिरेतून द्यावी लागते आणि तिची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. ती आवरण्याची तयारी दवाखान्यातच असते.

विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण या गोळीने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांनीच द्यावी. मधमाश्यांचा हल्ला झाला तर आधी तिथून दूर पळावे, मग रुतलेले काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. चेहरा सुजला, आवाज बसला किंवा दम लागला तर एक क्षणही न थांबता निघावे.

औषधे किती ठेवावीत?

फार थोडी. जलसंजीवनीची सहा पाकिटे, ताप व दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, खाज व पित्त उठल्यास सेट्रिझिन, पोव्हिडोन आयोडीनचे मलम आणि साखरेची पुडी. मधुमेही माणसाला घाम सुटून थरथर झाली आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर द्यावी. जलसंजीवनीचे पाकीट संपले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

ॲस्पिरिनची साधी ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळीही ठेवावी. प्रौढ माणसाच्या छातीत मध्यभागी दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, तर एक गोळी चावून खायला द्यावी. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात व्रण, रक्तस्रावाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर देऊ नये. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी ज्याच्या नावे लिहून दिली आहे त्यालाच द्यावी, दुसऱ्याची उसनी नको. प्रवाशांची रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत.

पेटी कुठे ठेवावी?

सामानाखाली, डिकीच्या तळाशी गेलेली पेटी नसल्यासारखीच. गाडी उलटली तर डिकी उघडेलच असे नाही. पेटी आसनाखाली, पट्ट्याने बांधून, पुढून व मागून हात पोचेल अशी ठेवावी. उन्हात बंद उभ्या गाडीत औषधे बिघडतात आणि चिकटपट्टीचा गोंद वितळतो. म्हणून गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवून मुक्कामी सोबत उतरवाव्यात. पेटीत बॅटरी, जादा सेल, शिट्टी आणि पेन असावे.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा. त्यावर प्रवाशांची नावे, आजार, चालू औषधे, घरचे फोन आणि वाटेवरील सरकारी दवाखान्यांची नावे लिहावीत. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. रेंज असेल तिथून फोन लावावा, पण रेंज नसेल तर वाट पाहत न बसता रुग्णालयाच्या दिशेने निघून वाटेत फोन करावा. रस्त्यात अनोळखी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

शेवटी एक विनंती. पेटी भरणारी व्यक्तीच अपघातात जखमी होऊ शकते, हे विसरू नये. म्हणून येत्या रविवारी घरातील सर्वांना जवळ बसवून पेटी उघडावी. कोणती वस्तू कशासाठी आहे ते सांगावे, क्रेप बँडेज एकमेकांच्या हाताला बांधून पाहावे आणि दिवे मालवून बॅटरी शोधून पाहावी. दर सहा महिन्यांनी औषधांच्या मुदतीच्या तारखा तपासाव्यात. घरातील बारा वर्षांच्या मुलालाही गॉजची घडी दाबून धरता आली, तर पेटी तयार झाली असे समजावे.