घरातला तांबडा रंग : गेरू, कुंकू आणि शेंदूर



दिवाळी जवळ आली की घर सजवायचे वेध लागतात. दाराला तोरण हवे, उंबरठ्यावर कुंकवाची बोटे हवीत, भिंतीवर काहीतरी नवे हवे. या सगळ्यात एक रंग हमखास असतो, तो म्हणजे लाल. या वेळच्या पाठात आपण घरातल्या या लाल रंगाची ओळख करून घेऊ. डोळ्यांना सगळे लाल रंग सारखेच वाटतात, पण एक मातीतून येतो, एक हळदीतून आणि एक शिशातून. यांतला फरक कळणे भाषेसाठी जितके गरजेचे आहे, तितकेच आपल्या तब्येतीसाठीही आहे.

आधी थोडे व्याकरण

'लाल' हा शब्द बदलत नाही : लाल उंबरठा, लाल भिंत, लाल दार. 'तांबडा' मात्र बदलतो : तांबडा उंबरठा, तांबडी भिंत, तांबडे दार. 'तांबडा' या शब्दात तांबे लपलेले आहे. 'शेंदरी' हा रंग शेंदरावरून आला आणि 'केशरी' केशरावरून. म्हणजे मराठीत रंगाचे नाव घेतले की बहुधा एखादी वस्तूही डोळ्यांपुढे येते. पहाट झाली की आजी म्हणते, "तांबडं फुटलं."

गेरू : मातीचा लाल

गेरू ही लाल माती आहे. तिच्यात लोखंडाचा गंज, म्हणजे लोहाचे ऑक्साइड असते. कोकणातल्या घरांच्या भिंती ज्या जांभ्या दगडाच्या असतात, त्याचा तांबडेपणाही लोखंडामुळेच येतो. महाराष्ट्रात तुळशीवृंदावन, कुंड्या आणि अंगणाचा कोपरा गेरूने रंगवतात. गेरू वाळला की त्यावर पांढरी रांगोळी उठून दिसते.

गेरूचा सर्वांत सुंदर वापर पाहायचा असेल तर पालघर जिल्ह्यात जायला हवे (२०१४ पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता). तिथल्या वारली लोकांच्या घरांच्या कुडाच्या भिंती शेणाने सारवतात, त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने पांढरी चित्रे काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला. लग्नघरात सवाष्ण बायका भिंतीवर 'चौक' काढतात. त्याच भागातले जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या निमित्ताशिवायही चित्रे काढायला सुरुवात केली आणि ही कला जगभर पोहोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्यावरच ही चित्रे उभी राहतात, म्हणून लहान मुलांनाही ती जमतात.

आता एक गंमत. गाडीतून गावाबाहेर गेलात की शेतांमध्ये मोठाली लाल बार्न दिसतात ना? अमेरिकेतले जुने शेतकरी जवसाच्या तेलात लोहाचे ऑक्साइड मिसळून लाकडाला लावत. हा रंग स्वस्त पडे आणि लाकूड टिके. स्वीडनमधली लाल लाकडी घरेही लोहाच्याच रंगाची. म्हणजे डहाणूच्या झोपडीची भिंत आणि ओहायोतले बार्न एकाच गंजाने रंगले आहेत!

कुंकू : हळदीचा लाल

कुंकू हळदीपासून होते, हे ऐकून वर्गात नेहमी आश्चर्य वाटते. पिवळी हळद लाल कशी होणार? जुन्या रीतीत हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करून ती दळतात. टाकणखारामुळे हळदीतल्या रंगद्रव्याचा लाल रंग तयार होतो. पंढरपूरचे कुंकू प्रसिद्ध आहे. मात्र बाजारात मिळणारे सगळेच कुंकू हळदीचे नसते. पुष्कळ ठिकाणी त्यात कृत्रिम रंग घातलेला असतो.

हे करून पाहा

वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवा. हे पाणी जाड पांढऱ्या कागदाला लावा आणि कागद वाळू द्या. दुसऱ्या वाटीत थोड्या पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवा. कापसाच्या काडीने या पाण्याने कागदावर स्वस्तिक, पणती किंवा लक्ष्मीची पावले काढा. पिवळ्या कागदावर तांबूस रेघा उमटतील. एका रेघेवर लिंबाचा थेंब टाका. ती पुन्हा पिवळी होईल. हे शुभेच्छापत्र आजीला पाठवा, पण लवकर पाठवा. उन्हात हळदीचा रंग उडतो.

शेंदूर : शिशाचा लाल

मारुतीला आणि गावच्या देवाच्या दगडाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. हा नारिंगीकडे झुकणारा झळझळीत रंग पूर्वीपासून शिसे भाजून करत. शिसे हा विषारी धातू आहे. तो पोटात गेला तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मुलांच्या रक्तातले कितीही कमी शिसे सुरक्षित मानता येत नाही, असे इथली आरोग्यखाती सांगतात.

रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या आणि भारतातल्या दुकानांतून सिंदुराचे शंभरावर नमुने घेऊन तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर दहांपैकी सुमारे आठ नमुन्यांत शिसे सापडले. काहींत ते अगदी थोडे होते, तर काहींत फारच जास्त. पुडीकडे नुसते पाहून हे ओळखता येत नाही.

पालकांसाठी

आम्ही कुणाची पूजा किंवा रीत बदलायला सांगत नाही. इतकेच सुचवतो :

१. सिंदुराची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. त्याने रांगोळी भरू नये, मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये आणि तो खाण्याच्या ताटाजवळ आणू नये. हात लागला तर साबणाने धुवावा.

२. अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंग विकण्यावर १९७८ साली बंदी आली. त्याआधी बांधलेल्या घराच्या भिंतींवर जुना रंग असू शकतो. असे घर विकताना किंवा भाड्याने देताना, शिशाच्या रंगाबद्दल जी माहिती असेल ती सांगणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. सजावटीच्या उत्साहात जुना रंग खरवडू किंवा घासू नये. त्याची धूळच जास्त धोक्याची. पोपडे दिसले तर घरमालकाला कळवावे, आणि शंका असल्यास मुलांच्या डॉक्टरांकडे रक्ताच्या तपासणीबद्दल विचारावे. ही तपासणी सोपी असते.

३. भाड्याच्या घरात भिंत रंगवता येत नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. मोठ्या तपकिरी कागदाला किंवा पुठ्ठ्याला मुलांसाठी सुरक्षित असल्याची खूण असलेला गेरूच्या छटेचा रंग लावा आणि त्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्र काढा. जुन्या साडीचे लाल काठ जोडून तोरण करा. उरलेल्या खणाची उशीला खोळ शिवा. घर बदलले की ही सजावटही बरोबर नेता येते.

शब्दार्थ

कूड – काठ्या आणि मातीची भिंत
सारवणे – शेणामातीने जमीन किंवा भिंत लिंपणे
हळकुंड – हळदीचा वाळलेला कंद
शिसे – एक जड, मऊ धातू
पोपडा – भिंतीवरून सुटलेला रंगाचा तुकडा

स्वाध्याय

१. 'तांबडा' शब्दाचे योग्य रूप लिहा : ____ माती, ____ कुंकू, ____ गेरू, ____ फुले.
२. डहाणूची भिंत आणि अमेरिकेतले बार्न यांत सारखे काय आहे? दोन वाक्यांत सांगा.
३. घरात फिरून लाल रंगाच्या पाच वस्तू शोधा. त्यांची मराठी नावे लिहा आणि तो रंग कशापासून आला असेल, ते आईबाबांशी बोलून ठरवा.
४. आजीआजोबांना फोन करून विचारा : "तुमच्या लहानपणी दिवाळीत अंगण कशाने रंगवायचे?" उत्तर चार ओळींत लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या. निवडक उत्तरे आम्ही पुढच्या अंकात छापू.