रेवदंडा-कोर्लई: तटाच्या आत गाव, तटाबाहेर समुद्र

प्रश्न: स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पाल्ससारखं मध्ययुगीन गाव आणि जवळच समुद्र, असं आपल्याकडे कुठे आहे का? सोबत सत्तरीचे आईबाबा असतील.
– एक वाचक, झोटवाडा, जयपूर

उत्तर: आहे, रायगड जिल्ह्यात. रेवदंडा आणि कुंडलिका खाडीपलीकडचं कोर्लई. शेजारचं चौल हे जुनं बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितीन तिथेच उतरला. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत आजही घरं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि तटाला लागूनच पुळण.

कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. तेव्हा पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता! १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली अजून बोलतात. माझ्या मते, किल्ल्याइतकंच तिच्यासाठीही कोर्लईला जावं.

आईबाबांना मात्र किल्ल्याच्या चढणीवर नेऊ नका. रेवदंडा त्यांना सोयीचं. पुढे काशीदचा किनारा सुंदर आहे, पण पाण्यात खोल जाऊ नका, लाटा आत ओढतात.

जयपूरहून रेल्वेनं मुंबई, गेटवेहून लाँचनं मांडवा, मग अलिबागमार्गे रेवदंडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते.