एका शिलिंगाचा अभिप्राय

मुलांसाठी पुस्तके लिहितात ती मोठी माणसे. छापतात ती मोठी माणसे. आणि विकत घेऊन देतात तीही मोठीच माणसे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो, त्या लहान वाचकाला मात्र ‘हे पुस्तक तुला कसे वाटले?’ असे पुस्तक छापण्यापूर्वी क्वचितच कोणी विचारते. लंडनमधील एका प्रकाशकाने ही रीत मोडली, आणि त्यामुळे एका अजरामर कथेला जगाचा प्रकाश दिसला.

या प्रकाशकाचे नाव स्टॅन्ली अन्विन. १९१४ साली त्यांनी ‘जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. मुलांच्या पुस्तकांचे उत्तम परीक्षक मुलेच होत, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून मुलांसाठी लिहिलेले एखादे हस्तलिखित आले म्हणजे ते आपला मुलगा रेनर याच्या हाती देत. रेनरने ते संपूर्ण वाचावे, आपला अभिप्राय कागदावर लिहून द्यावा आणि त्या कामाबद्दल एक शिलिंग मेहनताना घ्यावा, असा पितापुत्रांमध्ये ठराव होता. शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग. रक्कम लहान खरी. परंतु तिच्यामागचा विचार लहान नव्हता. सहज म्हणून विचारलेल्या प्रश्नाला मनुष्य सहज म्हणून काहीही उत्तर देतो. पण ज्या मताचा मोबदला मिळावयाचा असतो, ते मत जबाबदारीने द्यावे लागते. वडिलांनी आपल्या लहानग्या मुलाला अशा रीतीने जबाबदार वाचकाचा मान दिला होता.

१९३६ सालच्या शरद ऋतूत ऑक्सफर्डहून एक टंकलिखित कथा संस्थेकडे आली. लेखक होते प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन. प्राचीन इंग्रजी भाषा हा त्यांच्या अध्यापनाचा विषय. त्यांना चार अपत्ये होती, आणि त्या मुलांना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगणे हा त्यांचा मोठा छंद होता. एकदा परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांच्यासमोर आले. कंटाळलेल्या परीक्षकाने त्या पानावर, बिळात राहणाऱ्या एका ‘हॉबिट’विषयी एक वाक्य सहज लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे त्या वेळी त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या एका वाक्यातून पुढे ही दीर्घ कथा वाढली. ती मित्रमंडळींत हस्ते परहस्ते फिरत होती. सुझन डॅग्नल नावाच्या संस्थेतील एका बाईंच्या ती वाचनात आली, आणि त्यांच्या आग्रहामुळे टोल्कीन यांनी ती पूर्ण करून पाठविली.

ही कथा रेनरने वाचली तेव्हा त्याला अकरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. ३० ऑक्टोबर १९३६ रोजी त्याने आपला अभिप्राय लिहिला. अभिप्राय अगदी छोटा होता. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. विद्वत्तेचा आव मात्र नव्हता. घराबाहेर पडून साहस करण्याची मुळीच हौस नसलेला बिल्बो बॅगिन्स नावाचा हॉबिट. त्याचे मन वळवून त्याला प्रवासास नेणारा जादूगार गँडाल्फ आणि त्याचे बुटके सोबती. वाटेत दुष्ट गॉब्लिनांशी आणि भयंकर लांडग्यांशी पडलेली गाठ. एकाकी पर्वतावर धनाची राखण करणाऱ्या ड्रॅगनचा झालेला वध. आणि अखेर मोठ्या लढाईनंतर बिल्बोचे श्रीमंत होऊन घरी परतणे, एवढे कथासार त्याने प्रथम चार-दोन वाक्यांत सांगितले. नंतर त्याने आपले मत दिले. पुस्तक चांगले आहे. त्यात नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही. आणि पाच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना ते आवडेल, असा त्याचा निवाडा होता.

या शेवटच्या वाक्याचे वाचणाऱ्याला हसू येते. रेनर स्वतः दहा वर्षांचा! म्हणजे पुस्तक आपल्यापेक्षा लहान मुलांसाठी आहे, असे सांगून परीक्षक महाशयांनी आपला मोठेपणा हळूच राखला होता. तरीही त्या पुस्तकाने त्याला गुंतवून ठेवले होते, हे त्याच्या कथासारावरून स्पष्ट दिसत होते. वडिलांनी मुलाच्या हाती शिलिंग ठेवले आणि कथा छापण्याचे ठरविले.

२१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. रेनरने चित्रांची गरज नाही असे म्हटले होते. तथापि पुस्तकात टोल्कीन यांनी स्वतः काढलेली चित्रे घालण्यात आली, आणि ती वाचकांना आवडली. पाच ते नऊ ही वयोमर्यादाही खरी ठरली नाही; थोरामोठ्यांनीसुद्धा ते पुस्तक आवडीने वाचले. मग रेनरचा अभिप्राय चुकला असे म्हणावयाचे काय? काही अंशी तो चुकलाच. परंतु अभिप्राय अचूक असणे आणि तो प्रामाणिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रेनरने पुस्तक मनापासून वाचले, जे वाटले तेच लिहिले, आणि आवडल्याचे सांगताना त्याने दुसऱ्या कोणाच्या मताचा आधार घेतला नाही. त्याचे मोल त्या प्रामाणिकपणात होते.

मात्र आवडलेल्या पुस्तकाची स्तुती करणे सोपे असते. आवडत्या लेखकाच्या लिखाणातील दोष त्याला सांगणे कठीण. रेनरची ही दुसरी परीक्षा लवकरच झाली. ‘द हॉबिट’ला मिळालेले यश पाहून स्टॅन्ली अन्विन यांनी टोल्कीन यांच्याकडे हॉबिटांची आणखी एक कथा मागितली. टोल्कीन यांनी डिसेंबर १९३७ मध्ये ती लिहावयास घेतली आणि आरंभीची काही प्रकरणे रेनरकडे वाचावयास पाठविली. पहिले प्रकरण रेनरला फार आवडले. पण १९३८ साली पुढील दोन प्रकरणे वाचून त्याने निर्भीडपणे कळविले, की यांत हॉबिटांचे आपसांतील बोलणे थोडे अधिक झाले आहे आणि त्यामुळे कथा जरा रेंगाळते.

बारा वर्षांच्या मुलाने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला असे सांगावे, हे धाडसच होते. पोराने केलेली ही टीका पाहून एखादा लेखक रागावला असता. एखाद्याने ती हसण्यावारी नेली असती. टोल्कीन यांनी यांतले काहीच केले नाही. त्यांचे विद्वान मित्र सी. एस. लुईस यांनीही हाच दोष दाखविला होता. तेव्हा टोल्कीन यांनी जून १९३८ मध्ये प्रकाशकांना पत्र लिहून रेनरचे आभार मानले, त्याची टीका उत्कृष्ट असल्याचे सांगितले, आणि हॉबिटांच्या गप्पा आपल्याला स्वतःला फार आवडत असल्या तरी त्यांना आवर घातलाच पाहिजे, असे मान्य केले. एका थोर विद्वानाच्या आणि एका शाळकरी मुलाच्या मताला त्यांनी एकाच तराजूत तोलले. खरे बोलण्यास जसे धैर्य लागते, तसेच खरे ऐकून घेण्यासही मनाचा मोठेपणा लागतो.

पुढे दुसरे महायुद्ध झाले. कथा वर्षानुवर्षे वाढत राहिली, आणि ती पूर्ण झाली तेव्हा एक हजाराहून अधिक पानांचा प्रचंड ग्रंथ तयार झाला होता. हाच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. मध्यंतरी तो दुसऱ्या प्रकाशकाकडे जाण्याचाही योग आला होता. परंतु तेथे तो छापला गेला नाही. १९५२ साली रेनर स्वतः ऑक्सफर्डला जाऊन हस्तलिखित घेऊन आला. तो आता सव्वीस वर्षांचा तरुण होता आणि वडिलांच्याच संस्थेत काम करीत होता. छपाईचा हिशेब मांडताच त्याच्या ध्यानात आले, की या ग्रंथापायी संस्थेला एक हजार पौंडांपर्यंत तोटा सोसावा लागेल. एक हजार पौंड म्हणजे वीस हजार शिलिंग! एका शिलिंगाच्या मोलाचा अभिप्राय देणाऱ्या वाचकापुढे आता वीस हजार शिलिंगांचा प्रश्न उभा होता.

वडील त्या वेळी परदेशी दौऱ्यावर होते. रेनरने त्यांना दोन्ही गोष्टी स्पष्ट कळविल्या. ग्रंथ प्रतिभेचे अलौकिक लेणे आहे, हेही त्याने लपविले नाही. आणि त्यात हजार पौंड बुडू शकतील, हेही झाकून ठेवले नाही. वडिलांचे उत्तर थोडक्यात असे होते, की ग्रंथ खरोखरच तसा आहे अशी तुझी खात्री असेल, तर हजार पौंड बुडाले तरी चालतील. ज्या पित्याने दहा वर्षांच्या मुलाच्या मतावर विश्वास टाकला होता, त्याने तो आताही कायम ठेवला.

ग्रंथाचे तीन भाग १९५४ आणि १९५५ या वर्षांत प्रसिद्ध झाले. हजार पौंड बुडाले तर नाहीतच. उलट त्या ग्रंथाची गणना विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत होऊ लागली. १९६८ साली स्टॅन्ली अन्विन निवर्तले आणि संस्थेची धुरा रेनर अन्विन यांच्या खांद्यावर आली. त्यांनी आयुष्यभर असंख्य हस्तलिखिते वाचली; पण त्यांचे नाव जगाच्या स्मरणात राहिले ते बालपणी लिहिलेल्या त्या चिमुकल्या अभिप्रायामुळे.

पुस्तक आवडले तर ते का आवडले, आणि नावडले तर कोठे नावडले, हे जो स्वतः शोधून स्वच्छ शब्दांत सांगतो, तोच खरा वाचक. वयाने तो लहान असो वा मोठा, त्याचा अभिप्राय लेखकाला मोलाचा वाटतो. लेखक पुस्तक लिहून पुरे करतो. परंतु त्या पुस्तकाचे आयुष्य वाचकाच्या हाती असते.

स्वाध्याय

१. मुलांच्या पुस्तकांविषयी स्टॅन्ली अन्विन यांचे मत काय होते? ते त्यांनी कृतीत कसे आणले?
२. रेनरच्या पहिल्या अभिप्रायातील कोणत्या गोष्टी पुढे खऱ्या ठरल्या नाहीत? तरीही तो अभिप्राय मोलाचा का मानावा?
३. रेनरची टीका टोल्कीन यांनी कशी स्वीकारली? त्यावरून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
४. ‘खरे बोलण्यास जसे धैर्य लागते, तसेच खरे ऐकून घेण्यासही मनाचा मोठेपणा लागतो,’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. नुकतेच वाचलेले एखादे गोष्टीचे पुस्तक निवडा. त्याचे कथासार पाच वाक्यांत लिहा. नंतर त्यातील एक आवडलेली व एक न आवडलेली गोष्ट कारणांसह लिहा.