लाकडी फळं निघाली जर्मनीला

प्रश्न : सावंतवाडीच्या कारागिरांकडून लाकडी फळं, भातुकली घेऊन मी पुण्यात विकते. जर्मनीतल्या एका दुकानदाराने विचारणा केली आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कागदपत्रांचा बाऊ करू नका. आयात-निर्यात कोड (आयईसी) विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनदरम्यान, बदल नसला तरी, माहिती अद्ययावत करायची. नाहीतर कोड निष्क्रिय होतो. थोडा माल टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातूनही पाठवता येतो.

खरी मेख रंगात आहे. भातुकली म्हणजे खेळणं, आणि युरोपात खेळण्यावर ‘सीई’ चिन्ह लागतं. त्यासाठी ईएन ७१ मानकानुसार चाचणी होते : रंगातलं शिसं, कॅडमियम, शिवाय बाळाच्या घशात अडकेल असा सुटणारा देठ. नुसतं ‘शोभेची वस्तू’ असं लेबल चिकटवून यातून सुटका नाही. कारागिराला आधीच बजावा, रंगाचा डबा मध्येच बदलायचा नाही. नमुना एका डब्याचा, माल दुसऱ्याचा, हे सर्रास घडतं! लाकूडही नीट वाळलेलं हवं. तिकडच्या हीटरच्या कोरड्या हवेत ओलसर लाकडाला तडा जातो.

पहिल्या ऑर्डरचे निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले माल निघण्यापूर्वी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर कुरकुरू द्या.