ताप नसलेल्या दिवसांसाठी

शेळगाव

चि. ताईस,


जनुक-तपासणीचा कागद पाहिला. माझा आजार तुझ्याही वाट्याला आला: फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. तुर्की, आर्मेनियन, ज्यू, अरब लोकांत तो जास्त, म्हणून नावात भूमध्य समुद्र. पण भारतातही रुग्ण आहेत. कोणी म्हणालं, ‘आपल्याकडे हे नसतंच,’ तर वाद न घालता कागद पुढे कर.

काय बिघडतं ते समजून घे. पायरिन नावाचं प्रथिन शरीराला जंतू आल्याची वर्दी देतं. ते घडवणारं एमईएफव्ही जनुक १९९७ साली सापडलं. आपल्यात ते बदललेलं आहे. जंतू नसतानाही वर्दी जाते, ताप चढतो, पोट-छाती-सांधे धरतात. एक ते तीन दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. म्हणून तर अँटिबायोटिक असो की उतारा, शेवटी जे केलं त्याचाच गुण आला असं घरच्यांना वाटतं.

पण ताई, ताप उतरला म्हणजे आजार गेला असं धरू नकोस. बऱ्या दिवसांतही सूज आत चालू राहू शकते. वर्षानुवर्षं उपचार नसले तर अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साचतं, आणि त्याची सुरुवातीला ना कळ, ना ताप. कोल्चिसिन हे औषध ते साचणं अडवतं, रोज घेतलं तरच. अंथुर्ण्याहून पालखीबरोबर चालायला निघालीस तरी गोळी पिशवीत हवी. बरं वाटत असतानाच रक्तातलं सीआरपी आणि लघवीतलं प्रथिन तपासून घे. ‘काही होत नाही तर खर्च कशाला’ हे ऐकू नकोस.

कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असतं, म्हणून कोणी मुळी उगाळून देईल. घेऊ नकोस, ती जीव घेते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं आधी सांग. दोन्ही एकत्र घातक ठरतात.

तुझ्या आईला कोणी बोल लावला तर गप्प बसू नकोस. हा आजार बहुधा आई आणि वडील दोघांकडून एकेक बदललेली प्रत आली की होतो. तुझे आई-वडील नात्यातले. आपल्याकडची रीतच ती. तुझ्यासाठी नात्यातलं स्थळ आलं तर त्यांना हे उघड सांग, तपासणी करायला सांग. लपवून लग्न जमवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. धाकट्या भावालाही डॉक्टरांना दाखव. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात बिघाडांवर काम चालतं. आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचार.

एक वही कर. ताप कधी चढला, किती, कुठे दुखलं, पाळी कधी, गोळी कधी चुकली, सगळं तारखेनिशी. पोटातली कळ नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर मात्र ‘आपलाच आजार’ म्हणून घरी थांबू नकोस, अपेंडिक्सही असू शकतं. पुढच्या भेटीआधी वहीचे फोटो मला पाठव. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण फोनवर बसून काढू.

तुझा,
मामा