सर्नची शालेय सहल : प्रवेश फुकट, मग पैसे कशाचे?

‘जिनिव्हा विज्ञान सहल’ असं पत्रक शाळेतून आलं की एकूण आकड्याआधी तपशील मागा. सर्न ही जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा बघायला पैसे लागत नाहीत. 2023 मध्ये उघडलेलं तिथलं प्रदर्शन केंद्र सायन्स गेटवे आणि मार्गदर्शकासोबतची फेरी, दोन्ही विनामूल्य आहेत. पत्रकात ‘सर्न प्रवेश शुल्क’ दिसलं, तर ते कशाचं हे विचारायलाच हवं. सायन्स गेटवे सोमवारी बंद असतं. जमिनीखालचा, कणांच्या टकरी घडवणारा 27 किलोमीटरचा कोलायडर नेहमीच्या फेरीत दाखवत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर तिथे पोचून हिरमोड होतो. गटाची फेरी नक्की झाल्याचं पत्र हाती येईपर्यंत विमानाचे पैसे भरू नका.

स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क बारा वर्षं आणि त्यापुढच्यांना 90 युरो आहे. मात्र अभ्याससहलीला निघालेले विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ते माफ करण्याची तरतूद व्हिसाच्या नियमांतच आहे. शाळेच्या लेटरहेडवर सहलीचा हेतू आणि रोजचा कार्यक्रम लिहून घ्या आणि माफी मागा. तीस-चाळीस मुलांच्या गटात ही रक्कम लाखांत जाते. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे आणि दोन्ही पालकांची संमतीही लागते.

खरा खर्च विमान, मुक्काम आणि जेवणाचा. एका स्विस फ्रँकला शंभराहून जास्त रुपये पडतात आणि जिनिव्हात साधं जेवणही वीसेक फ्रँकांच्या घरात जातं. म्हणून स्वयंपाकघर असलेलं यूथ हॉस्टेल बघा. तिथे किंवा हॉटेलात उतरणाऱ्यांना शहरातल्या ट्राम-बसचा पास मोफत मिळतो. 18 नंबरची ट्राम थेट सर्नच्या दारात सोडते. म्हणजे शहरात फिरायला खासगी बस लावायची गरज नाही. झुरिकला उतरून रेल्वेने येणार असाल, तर सोळा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट असतं.

टूर कंपनी टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा प्राप्तिकर) घेत असेल, तर तो पालकांच्या पॅनवर जमा होतोय ना ते बघा. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचा परतावा मागता येतो.

एवढा खर्च झेपणार नसेल, तर सर्नची ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ ही स्पर्धा जरूर बघा. सोळा वर्षांपुढच्या किमान पाच विद्यार्थ्यांनी मिळून प्रयोगाचा प्रस्ताव पाठवायचा. प्रवेश फी नाही आणि विजेत्यांचा प्रवासखर्च आयोजक करतात. 2018 मध्ये मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेचा संघ असाच सर्नला गेला होता.