जुना मोबाईल : मोटारसायकलचा वाटाड्या

घरात पडून असलेला जुना मोबाईल दादाच्या मोटारसायकलवर वाटाड्याचे काम करील काय? सिमकार्ड नसले तरी करील! कारण त्यातील जीपीएस उपग्रहांना काहीही कळवत नाही. तो केवळ ऐकतो.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील प्रत्येक उपग्रह आपली वेळ व स्थान रेडिओलहरींवरून सतत सांगत असतो. लहरीला लागलेल्या वेळेस प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. तीन अंतरांवरून स्थान ठरेल. पण मोबाईलच्या घड्याळात सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक असली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. ती चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

नकाशा घरीच उतरवून घ्यावा. निघण्यापूर्वी उघड्या आकाशाखाली थोडे थांबावे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, मोबाईलला हवेत ५ व्होल्ट. म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारा चार्जर व फ्यूज बसवावा. हँडलवरील पकडीखाली रबर घालावे, कारण इंजिनाच्या कंपनांनी मोबाईलचा कॅमेरा बिघडू शकतो.

आता एक गणित. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले, तर गाडी २२ मीटर जवळजवळ आंधळी धावली! म्हणून वळणे आवाजातून ऐकावीत. नकाशा पाहायचा तर गाडी थांबवूनच.

ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर? गणित करा आणि उत्तर दादालाही सांगा.